बोटीचं इनबोर्ड डिझेल इंजिन काढून पुन्हा बांधताना: क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

पुण्यात माझ्याकडे बोटीची इंजिनं दोन वाटांनी येतात. काही ताम्हिणी घाट चढून कोकणातून, काही पानशेत, मुळशी, उजनीच्या जलाशयांवरून. पाणी वेगळं असलं तरी मालकांची चूक बहुतेक वेळा एकच असते: बिघाडाचं कारण न शोधता नट ढिले करायचे आणि बोटीतली मापं न घेता इंजिन उचलायचं. मग चांगलं बांधलेलं इंजिनही परत बसवल्यावर दोन महिन्यांत गिअरबॉक्सचं सील फोडतं, किंवा सिलेंडरमध्ये पुन्हा पाणी घेतं. दोष वर्कशॉपवर येतो, पण चूक बोटीतच झालेली असते.

खालचा क्रम दोन ते चार सिलेंडरच्या, पाण्यावर थंड होणाऱ्या डिझेल इंजिनासाठी आहे. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल आधी मिळवा. माझा आकडा आणि मॅन्युअलचा आकडा जुळला नाही तर मॅन्युअलचा धरा.

१. वेळ आणि सामान

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. हे ६१ दिवस भरपूर वाटतात, पण जूनमध्ये सगळ्यांचीच इंजिनं एकदम खोलली जातात. भोसरीच्या क्रँक ग्राइंडिंगवाल्यांकडे तेव्हा नंबर लावावा लागतो. म्हणून बिघाडाचं निदान मे महिन्यातच, बोट चालू असताना करा. इंजिन नंबर पाहून गॅस्केट सेट, लाइनर (पिस्टन ज्यात फिरतो ती सिलेंडरची नळी), पिस्टन आणि रिंगा यांची चौकशीही तेव्हाच करून ठेवा. ऑइल सील, बेअरिंग, होजपाइप, क्लिप हे नाना पेठेत मापावर मिळतं. हेड गॅस्केट आणि लाइनर मात्र "तसंच दिसतं" म्हणून घेऊ नका.

हाताशी हवं ते असं: टॉर्क पाना, फीलर गेज, मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल गेज, सरळ पट्टी, एक टनाची चेन पुली, लाकडी बुचं, कापडी लेबलं, न पुसणारं पेन आणि एक वही. वहीशिवाय काम सुरू करू नका. मोबाइलमधले फोटो लागतातच, पण फोटोत मिलिमीटर दिसत नाहीत.

२. उघडण्याआधी निदान

इंजिन चालू होत असेल तर ते गरम होईपर्यंत चालवा आणि धूर पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी, नाहीतर पंख्यावर, म्हणजे प्रॉपेलरवर, लोड जास्त. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचाही असतो आणि पाण्याच्या वाफेचाही. वाफ लवकर विरते, डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो.

मग कॉम्प्रेशन घ्या. सगळे नोझल (डिझेल फवारणारे) काढून, बॅटरी पूर्ण चार्ज असताना, प्रत्येक सिलेंडर दोनदा मोजा. इथे पुण्याची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो. हर्णैला ३० बार दाखवणारं सिलेंडर इथे २८ च्या आसपास दाखवेल, म्हणून लगेच रिंगा गेल्या असं समजू नका. नुसत्या आकड्यापेक्षा सिलेंडरा-सिलेंडरांतला फरक जास्त सांगतो.

ऑइल काढताना ते स्वच्छ पांढऱ्या बादलीत काढा. ताकासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. फिल्टर कापून कागद उलगडा. त्यात तांबूस किंवा राखाडी चमकणारे कण असतील तर बेअरिंगं झिजली आहेत, आणि क्रँक मोजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पाणी मिसळलं असेल तर ते कुठून आलं हे शोधणं सगळ्यात महत्त्वाचं. ओला एक्झॉस्ट असलेल्या बोटीत, म्हणजे जिथे बाहेरचं पाणी एक्झॉस्टमध्ये सोडून धूर थंड करतात तिथे, चार जागा तपासा:

- एक्झॉस्ट एल्बो. खाऱ्या पाण्यात तो आतून सडतो आणि पाणी उलटं व्हॉल्व्हकडे येतं.
- सायफन तोडणारा व्हॉल्व्ह. पाणी सोडण्याची जागा पाण्याच्या पातळीपेक्षा खाली किंवा जेमतेम वर असेल तर हा व्हॉल्व्ह हवाच. तो मिठाने चिकटला तर इंजिन बंद असतानाही पाणी आत ओढलं जातं.
- हीट एक्स्चेंजर आणि ऑइल कूलरच्या नळ्या.
- पाण्याच्या पंपाचं सील. पंप इंजिनाच्या केसिंगवर बसवलेला असेल तर गळणारं पाणी थेट ऑइलमध्ये जाऊ शकतं.

एका मालकाने दोन वर्षांत दोनदा माझ्याकडून इंजिन बांधून घेतलं. दोन्ही वेळा मागचा लाइनर गंजलेला होता. दुसऱ्या वेळी मी एल्बो सोबत आणायला लावला. आत पेन्सिल घातली तर ती सरळ पाण्याच्या कप्प्यात गेली. पहिल्याच वेळी मी तो मागायला हवा होता. आता एल्बो आल्याशिवाय मी काम हातात घेत नाही.

*तपासणी:* बिघाडाचं कारण एका वाक्यात वहीत लिहिता येत नसेल तर अजून पाना लावू नका.

इंजिन पाण्यात बुडालं असेल तर निदान नंतर. त्याच दिवशी नोझल काढा, हाताने क्रँक फिरवून पाणी बाहेर घालवा, ऑइल काढा, सिलेंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून पुन्हा फिरवा आणि तसंच भरलेलं ठेवा. वाळवून ठेवलेलं बुडालेलं इंजिन दोन दिवसांत आवळून बसतं.

३. बोटीतली मापं

या टप्प्याला अर्धा दिवस लागतो आणि तोच सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो.

बेडपासून, म्हणजे इंजिन ज्या चौकटीवर बसतं तिथपासून, चारही माउंटिंगच्या नटापर्यंतची उंची मोजा. शिम (खाली घातलेले पातळ पत्रे) असतील तर कोणत्या कोपऱ्यात किती, ते लिहा. गिअरबॉक्सच्या आणि शाफ्टच्या कपलिंग फ्लँजवर समोरासमोर पंचने खूण करा. बोल्ट सोडण्याआधी दोन फ्लँजमधली फट फीलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजा. जुनं अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत असणं, चुकीचं असेल तर ते इथेच कळतं, आणि कधी कधी बिघाडाचं मूळही इथेच सापडतं.

आता इंजिनाची लांबी, रुंदी आणि चेंबरपासून (खालच्या ऑइलच्या टाकीपासून) टॅपेट कव्हरपर्यंतची उंची घ्या. मग हॅचचं माप घ्या. अल्टरनेटर, स्टार्टर, मॅनिफोल्ड आणि हीट एक्स्चेंजर काढल्यावर ते बाहेर येईल का? गिअरबॉक्स आधी सोडवावा लागेल का? हे कागदावर ठरवा. इंजिन साखळीवर लटकत असताना डेक कापायचा निर्णय घेण्याची वेळ येऊ नये.

४. सोडवण्याचा क्रम

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी, मग पॉझिटिव्ह.
२. बाहेरच्या पाण्याचा आणि डिझेलचा कॉक बंद. दोन्हींना "बंद" असं लेबल बांधा.
३. ऑइल, कूलंट आणि गिअर ऑइल काढा.
४. वायरिंग. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. रंगावर विसंबू नका, बोटीतल्या वायरी कुणीतरी मधे जोडलेल्याच असतात.
५. डिझेलच्या नळ्या सोडल्या की लगेच दोन्ही तोंडं झाकणाने बंद. धुळीचा एक कण नोझल खराब करायला पुरतो.
६. पाण्याच्या आणि एक्झॉस्टच्या होज. चिकटलेली होज ओढू नका, कापा. ती तशीही बदलायचीच आहे.
७. थ्रॉटल, स्टॉप आणि गिअरच्या केबल.
८. कपलिंग.
९. सगळ्यात शेवटी माउंटिंगचे नट.

धोका: बोट पाण्यात असेल तर कपलिंग सोडण्याआधी ग्लँडच्या (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागाच्या) पुढे शाफ्टवर मजबूत क्लिप आवळा. मोकळा शाफ्ट मागे सरकून ट्यूबमधून निसटला तर त्या भोकातून बोट भरते.

धोका: तळाशी सांडलेलं ऑइल आणि डिझेल बाहेर पंप करू नका. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचं पाणी पुणे पितं. ऑइल टिपून डब्यात भरा, डबा घरी न्या.

५. उचलणं आणि वाहतूक

इंजिनाला उचलण्यासाठी दिलेल्या कड्यांनाच साखळी लावा. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला किंवा मॅनिफोल्डला लावायची नाही. दोन कड्यांतल्या साखळ्या वर एकत्र येताना फार पसरट कोन झाला तर कड्यांवर ताण वाढतो, तेव्हा मधे लोखंडी दांडा घाला. पाच सेंटिमीटर उचला, थांबा, सगळीकडे हात फिरवा. एखादी अर्थिंगची वायर राहिलेली असतेच. लटकत्या इंजिनाखाली कुणाचाही हात किंवा पाय नको.

टेम्पोत इंजिन चेंबरवर टेकवू नका. लाकडी चौकटीवर, माउंटिंगच्या पायांवर बसवा आणि चारही बाजूंनी ताणून बांधा. घाटातल्या वळणांवर एका बाजूचा दोर पुरत नाही. एक्झॉस्टच्या आणि हवेच्या तोंडांना लाकडी बुचं लावा, चिंध्या नकोत. चिंधी आत सरकते आणि विसरली जाते. बुचं किती लावली ते वहीत लिहा, बांधताना तेवढीच मोजून काढा.

६. उघडणं आणि मोजणं

आधी बाहेरून धुवा, मग उघडा. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सोडा. पुशरॉड, टॅपेट आणि व्हॉल्व्ह ज्या जागचे त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून खोचून ठेवा. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी असते. नंबर नसेल तर पंचने एका बाजूला टिंबं मारा. कॅपची अदलाबदल झाली तर तो रॉड कामातून गेला.

लाइनर वर, मधे आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. वरच्या आणि खालच्या मापातला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांतला फरक म्हणजे लंबगोलपणा. क्रँकचं प्रत्येक जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) असंच मोजा. हेडवर सरळ पट्टी ठेवून लांबीत आणि दोन्ही कर्णांवर फीलर घालून पाहा.

सगळे आकडे मॅन्युअलच्या मर्यादेशेजारी लिहा आणि मगच काय बदलायचं ते ठरवा. "उघडलंच आहे तर सगळं नवीन टाका" हा सल्ला मी देत नाही. मापात असलेला क्रँक उगाच ग्राइंड केला की पुढच्या वेळेचं एक आयुष्य कमी होतं.

७. बाहेर द्यायची कामं

डिझेल पंप आणि नोझल स्वतः उघडू नका. पंप-नोझलच्या टेस्ट बेंचवर द्या, आणि किती दाबाला सेट केले ते लिहून घ्या. क्रँक ग्राइंड करायचा असेल तर अंडरसाइझ बेअरिंग बाजारात आहे का हे *आधी* पाहा. क्रँक ०.५० मिलिमीटरने उतरवल्यावर त्या मापाचं बेअरिंग मिळत नाही असं कळलं तर सगळं काम अडतं.

हीट एक्स्चेंजरच्या नळ्या साफ करून, दोन्ही बाजू बंद करून दाबाची चाचणी घ्या. त्यातला अॅनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) बदला. समुद्रात जस्ताचा चालतो. धरणाच्या गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमचा घालावा. थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून तपासा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागायला हवा.

पावसाळ्यात एक काळजी जास्त. होनिंग केलेला (आतून दगडाने घासलेला) लाइनर किंवा ग्राइंड केलेला क्रँक लेथवरून उघडा आणू नका. पुण्याच्या जुलैच्या हवेत एका रात्रीत त्यावर तांबूस थर येतो. तिथेच ऑइल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घ्या.

८. बांधणी

बांधायच्या दिवशी झाडू मारू नका, आदल्या दिवशी मारा. ब्लॉकचे ऑइलचे सगळे मार्ग ब्रशने धुवून हवेने फुंकून घ्या. लाइनर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, कारण होनिंगची बारीक पूड नुसत्या डिझेलने निघत नाही. पांढरं कापड फिरवल्यावर पांढरंच राहिलं पाहिजे. मग लगेच कोरडं करून ऑइल लावा.

लाइनर पाण्यात बसणारा असेल तर त्याच्या रबर रिंगा साबणाच्या पाण्याने ओल्या करून सरळ दाबा. पीळ पडू देऊ नका. लाइनरची कड ब्लॉकच्या वर किती राहते ते डायल गेजने मोजा, सगळ्या लाइनरची जवळजवळ सारखी हवी. यानंतरची एक चाचणी मी कधीच सोडत नाही: पिस्टन घालण्याआधी वॉटर जॅकेटमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवतो आणि सकाळी खाली कोरडा कागद फिरवतो. एक थेंब दिसला तरी लाइनर परत काढायचा. आत्ता ते तासाभराचं काम आहे, बोटीत गेल्यावर आठवड्याचं.

मेन बेअरिंगची एकेक कॅप टॉर्कने आवळा आणि *प्रत्येक* कॅपनंतर क्रँक हाताने फिरवा. फिरता फिरता अडकला तर शेवटची आवळलेली कॅप दोषी. सगळ्या आवळून मग फिरवणाऱ्याला चूक कुठे आहे ते कळत नाही.

रिंग लाइनरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांतली फट मोजा. साधारण १०० मिलिमीटर बोअरला ०.३० ते ०.४० मिलिमीटर. फट फार कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते. रिंगवरची खूण वरच्या बाजूला, फटी एकाखाली एक येऊ द्यायच्या नाहीत.

टायमिंग गिअरच्या खुणा जुळवून फोटो काढा, क्रँक दोन फेरे फिरवा आणि पुन्हा पाहा. मधे आयडलर गिअर असेल तर खुणा लगेच परत जुळणार नाहीत, म्हणून फोटो.

हेड कायमचं बसवण्याआधी बंपिंग क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन वर असताना त्याच्या आणि हेडच्या मधली फट, तपासा. पिस्टनच्या डोक्यावर सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसने चिकटवा, जुनं गॅस्केट न वापरता त्याच जाडीचं *नवीन* गॅस्केट घालून हेड आवळा, क्रँक हाताने वरच्या टोकावरून पुढे न्या. हेड काढून चपटी झालेली तार मोजा. पिस्टन हेडला आपटणार की कॉम्प्रेशन कमी पडणार, दोन्ही यातून कळतं. या मोजणीसाठी पूर्ण आवळलेलं गॅस्केट पुन्हा वापरायचं नाही, म्हणून दोन मागवा.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा. मग टॅपेट थंड इंजिनावर सेट करा.

*तपासणी:* नोझल न बसवता इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरलं पाहिजे, कुठेही खटका न येता.

९. वर्कशॉपमधली चाचणी

ऑइल भरा. स्टॉप लिव्हर ओढून धरून स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. नंतरच डिझेलची हवा काढा: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलच्या नटांतून.

पाण्याच्या पंपाचा पाइप भरलेल्या ड्रममध्ये सोडा. नळाचा पाइप थेट पंपाला जोडू नका. इंजिन चालू नसताना नळाचा दाब एक्झॉस्टमध्ये पाणी भरतो आणि ते सिलेंडरपर्यंत पोचू शकतं. पंप कोरडाही चालवू नका, त्यातलं रबरी इम्पेलर थोड्याच वेळात फाटतं.

धोका: हवेच्या तोंडाजवळ जाड लाकडी फळी घेऊन एकाला उभं करा. डिझेल पंप अडकला किंवा इंजिन स्वतःचं ऑइल ओढू लागलं तर चावी बंद करून ते थांबत नाही. फळीने हवा बंद करायची, हाताने कधीच नाही.

बिनलोडचं इंजिन पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. गळती पाहायला तेवढा वेळ पुरतो.

१०. बोटीत बसवणं आणि अलाइनमेंट

आता सगळ्यात मोठी चूक. बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना लोक अलाइनमेंट करतात आणि मग ती पाण्यात ढकलतात. पाण्यात बोटीचा आकार थोडा बदलतो. लाकडी बोट तर दोन महिने उन्हात सुकलेली असते, पाण्यात फळ्या फुगल्या की बेडही हलतो. जमिनीवर इंजिन फक्त जागेवर ठेवा आणि वहीतल्या उंचीवर माउंटिंग आणा. खरं अलाइनमेंट पाण्यात करायचं. फायबर बोट किमान एक दिवस तरंगू द्या, लाकडी बोट काही दिवस. डिझेलची टाकी नेहमीइतकी भरलेली असावी.

शाफ्टचा मोकळा भाग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो. त्याला खालून आधार देऊन तो झुकलेल्या आणि पूर्ण उचललेल्या जागेच्या मधोमध धरा. फ्लँज जवळ आणा, बोल्ट न लावता चार बाजूंची फट मोजा. फ्लँजच्या दर २५ मिलिमीटर व्यासाला ०.०२५ मिलिमीटर फरक चालतो, म्हणजे १०० मिलिमीटरच्या फ्लँजला जास्तीत जास्त ०.१०. आधी वर-खालचा फरक घालवा, नंतर डावी-उजवी.

मग गिअरबॉक्सचा फ्लँज तसाच ठेवून फक्त शाफ्ट पाव फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट किंवा त्याचा फ्लँज वाकडा आहे, इंजिन हलवून उपयोग नाही. फट जागच्या जागी राहिली तर इंजिन हलवायचं आहे. माउंटिंग पूर्ण आवळल्यावर शेवटचं एकदा मोजा, कारण आवळताना इंजिन सरकतं. रबरी कपलिंग आहे म्हणून हे टाळू नका. ते कंपन कमी करतं, चुकलेलं अलाइनमेंट दुरुस्त करत नाही.

ग्लँडचं पॅकिंग नवीन घाला, कड्यांचे जोड एकाखाली एक येऊ देऊ नका. शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत. पूर्ण कोरडा केलेला ग्लँड शाफ्ट खातो.

११. पहिले तास

स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. दोन-तीनदा मारून चालू झालं नाही तर बाहेरच्या पाण्याचा कॉक बंद करा. न पेटलेलं इंजिनही पाणी ओढतं, ते एक्झॉस्टमध्ये साठतं आणि मागे सिलेंडरमध्ये जातं. नवं बांधलेलं इंजिन अशा तऱ्हेने पहिल्याच दिवशी गेलेलं मी पाहिलं आहे. चालू झाल्यावर कॉक लगेच उघडा, एक्झॉस्टमधून पाणी येतंय ना ते पाहा, ऑइलचा दाब पाहा.

जेटीला बांधून तासन्तास मंद चालवणं नव्या रिंगांना वाईट. लाइनरवर काचेसारखा थर बसतो आणि रिंगा नीट बसत नाहीत. पहिले दहा तास मध्यम लोडवर, वेग कमी-जास्त करत चालवा. २५ तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला, फिल्टर पुन्हा कापून पाहा, आणि अलाइनमेंट पुन्हा मोजा, रबरी माउंटिंग एव्हाना बसलेली असतात. ५० तासांनी टॅपेट तपासा, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर हेडचा टॉर्कही.

त्यानंतर बोट नेहमीच्या वजनाने भरून, मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम पाहा. इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल आणि काळा धूर सोडत असेल तर नोझल काढायच्या आधी बोटीचा तळ आणि पंखा पाहा. कालवं बसलेली असतील तर खरवडा. तळ स्वच्छ असूनही आरपीएम कमीच राहिले तर बहुधा पंख्याचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) जास्त आहे. पंखा काढून पिच कमी करून घ्या, आणि हीच चाचणी पुन्हा घ्या.